१९८८ ची पद्मिनी की १९९५ ची मारुती ८००? घाटासाठी सल्ला हवा

यवतेश्वर_पायथा: मंडळी, साताऱ्यात दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक स्टिअरिंगला गिअर असलेली प्रीमियर पद्मिनी, दुसरी कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. किंमत जवळपास सारखीच. रोजचा वापर नाही; रविवारी कास, अधूनमधून पसरणी घाटाने पाचगणी, चार माणसं. कोणती घ्यावी आणि घेताना काय बघावं?

पाना_१०_११: ८०० घ्या. इंजिन ७९६ सीसी, पद्मिनीचं १०८९. पण पद्मिनी वजनालाही बरीच भारी, त्यामुळे चढाला फार फरक पडत नाही. फरक पडतो तो उताराला. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक, ८०० ला पुढे डिस्क ब्रेक. पसरणी उतरताना ब्रेक दाबून धरला की ड्रम तापून फुगतो, शू (ड्रमवर आतून दाबणारा ब्रेकचा भाग) आणि ड्रममधलं अंतर वाढतं आणि पेडल खाली जातं. पद्मिनी घेतलीच तर दुसऱ्या गिअरमध्येच उतरवा, ब्रेक दाबा-सोडा करत वापरा.

८०० मध्ये इंजिनाआधी पत्रा गंजलाय का बघा. कार्पेट उचलून फ्लोअर, बॅटरीखालचा ट्रे आणि बॉनेटमध्ये पुढच्या स्ट्रटचे (सस्पेन्शनच्या खांबांचे) माथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. माथा सडलेला असेल तर गाडी सोडून द्या, तिथे वेल्डिंगवर भरवसा नको. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. कटकट आवाज आला तर ॲक्सलचा बाहेरचा जॉइंट गेलाय. बहुधा रबरी बूट फाटून ग्रीस बाहेर पडलेलं असतं. टायमिंग बेल्ट (इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) कधी बदलला याची पावती नसेल तर घाटात नेण्याआधी बदलाच.

जुनं_ते_चालतं: पद्मिनीला बेल्टची भानगड नाही, टायमिंग चेन आहे. शिवाय ताकद मागच्या चाकांना. चार माणसं बसली की वजन मागे जातं, ओल्या चढावर चाकं पकड धरतात. ८०० ची पुढची चाकं तिथेच जागेवर फिरतात. कासला पावसाळ्यात जाणार असाल तर हा मुद्दा मोठा आहे.

पण पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश (गिअर टाकताना दातांचा वेग जुळवणारी सोय) नाही. वळणावर गाडी चालती असताना दुसऱ्यातून पहिला ओढलात तर दात खाल्ले जातात. थांबा, मग टाका. उन्हाळ्यात चढाला इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपात वाफ धरते आणि गाडी बंद पडते. पंपावर ओलं फडकं टाकून दहा मिनिटं थांबा. पेट्रोलचा पाइप गरम भागाला टेकत असेल तर लांबून फिरवून घ्या.

यवतेश्वर_पायथा: ८०० चा रेडिएटरचा पंखा विजेवर आहे ना? तो कसा तपासू?

पाना_१०_११: इंजिन चालू ठेवून उभी करा. तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या पुढे सरकला तरी पंखा फिरला नाही तर लगेच इंजिन बंद करा. थंड झाल्यावर थर्मोस्विचच्या (इंजिन तापलं की पंखा चालू करणाऱ्या स्विचच्या) दोन्ही वायरी जोडून चावी ऑन करा. फिरला तर स्विच खराब, नाही फिरला तर आधी फ्यूज आणि वायरिंग, मग मोटर.

दोन्ही गाड्यांचे पेट्रोलचे रबरी पाइप आणि पंपाचा पडदा नवीन, इथेनॉलला टिकणारे टाका. आताच्या पेट्रोलने जुनं रबर फुगतं, तडकतं. आणि आरसी बघा: खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपलेली असेल तर ते काम विकणाऱ्याकडून करून घ्या, मगच पैसे द्या.