'सेल सॉर्टिंग'ला 'वर्गीकरण' म्हणावं का?

विज्ञानविषयक एका लेखाचा अनुवाद करते आहे. विषय असा: पेशी द्रवाच्या बारीक धारेतून एकेक करून पुढे जातात, वाटेत प्रत्येकीची प्रतिमा घेतली जाते, आधी शिकवून ठेवलेलं न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली) ती पाहून निर्णय देतं आणि हवी ती पेशी बाजूच्या वाटेला वळवली जाते. इंग्रजीत 'इमेज-ॲक्टिव्हेटेड सेल सॉर्टिंग'. मी पहिल्या खर्ड्यात 'प्रतिमा-सक्रियित पेशी वर्गीकरण' लिहिलं. खटकतंय, पण नेमकं काय ते सापडत नाही.

प्रतिसाद
आधी 'सक्रियित'. पेशी सक्रिय होणं ही जीवशास्त्रात ठरलेली वेगळी घटना आहे. संसर्ग झाला की रोगप्रतिकारक टी-पेशी सक्रिय होतात. तुमची शब्दरचना वाचून वाटतं की प्रतिमा घेतल्यामुळे पेशीच सक्रिय झाली. इथे चालू होते ती पेशी वळवणारी यंत्रणा.

'वर्गीकरण' मात्र जास्त घोटाळ्याचं. वनस्पतींचं वर्गीकरण केलं म्हणून त्या जागच्या हलत नाहीत. या यंत्रात दोन कामं एकामागून एक होतात. पेशी कोणत्या गटातली हे नेटवर्क ठरवतं, ते वर्गीकरण. मग तिला प्रत्यक्ष बाजूला काढलं जातं, ते सॉर्टिंग. टोकियो विद्यापीठातल्या केइसुके गोदा यांच्या गटाने २०१८ साली असं यंत्र मांडलं. त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०० पेशी होता आणि निर्णयाला मिळणारा वेळ ३२ मिलिसेकंद. निर्णय होईपर्यंत पेशी वाहतच असते, त्यामुळे उशिरा आलेलं अचूक उत्तरही वाया जातं. दोन्ही कामांना एकच शब्द वापरलात, तर वाचकाला ही सगळी धावपळ कळणारच नाही.

प्रतिसाद
मग सॉर्टिंगला काय म्हणायचं? 'विभागणी' नको, लगेच पेशीविभाजन आठवतं. 'पृथक्करण'ही नको, रासायनिक पृथक्करण म्हणजे पदार्थात काय काय आहे ते शोधणं. 'निवड' म्हटलं की नैसर्गिक निवड डोळ्यांपुढे येते. शिवाय 'निवडणे' हे क्रियापद फार गमतीचं आहे. आपण 'धान्य निवडलं' म्हणतो आणि 'खडे निवडले' असंही म्हणतो. एकदा ठेवायची वस्तू कर्म, एकदा टाकायची. बोलताना अडत नाही. पण 'कर्कपेशी निवडल्या' लिहिलं तर त्या अभ्यासासाठी राखल्या की नमुन्यातून काढून टाकल्या?

'चाळणे' आकारावर चालतं, 'पाखडणे' वजनावर. गाळणी किंवा सेंट्रिफ्यूज (नमुना गरगर फिरवणारं यंत्र) वापरून पेशी वेगळ्या करण्याच्या रीतींना हे शब्द छान शोभतील, कारण तिथे एकेका पेशीकडे कोणी बघत नाही. एकेक पाहून, ओळखून उचलणं म्हणजे 'वेचणे'. माझं मत 'पेशीवेचणी'ला.

प्रतिसाद
'वेचणी' मला आवडला, पण एक अडचण. वेचण्यात हवं ते उचललं जातं आणि उरलेलं तिथेच राहतं. सॉर्टरमध्ये दोन किंवा त्याहून अधिक गट वेगवेगळ्या नळ्यांत जमा करता येतात आणि ते सगळेच कामाचे असू शकतात. शिवाय प्रत्येक सॉर्टर 'बघतो' असं नाही. मॅक फुलवायलर यांनी १९६५ साली अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत बनवलेलं यंत्र पेशीचं आकारमान विद्युत संकेतावरून मोजायचं, पेशी असलेल्या थेंबाला विद्युतभार द्यायचं आणि विद्युतक्षेत्रातून जाताना तो थेंब बाजूला वळायचा. प्रतिमा नाहीच, हाती फक्त एक आकडा. सर्वसाधारण नाव म्हणून मी 'पेशी वेगळ्या काढणे' असं साधंच लिहीन. 'वेचणी' राखून ठेवावी ती एकेक पेशी पाहून चालणाऱ्या यंत्रांसाठी.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून आभार. खटकत होतं ते हेच. आता वाक्य असं केलंय: 'नेटवर्क प्रतिमा पाहून पेशीचं वर्गीकरण करतं आणि त्यानुसार यंत्र तिची वेचणी करतं.' तंत्राचं नाव 'प्रतिमा पाहून पेशीवेचणी'.

प्रतिसाद
'पाहून' एकदा तपासा. 'घोस्ट सायटोमेट्री' नावाचं तंत्रही २०१८ सालचंच. त्यात चित्र तयारच करत नाहीत. पेशी ठिपक्यांच्या ठरावीक प्रकाशरचनेतून जाते, तिच्याकडून येणाऱ्या प्रकाशाचा चढउतार नोंदवला जातो आणि तो थेट संगणकाला शिकवलेल्या वर्गीकरणाकडे जातो. तुमच्या लेखात त्याचा उल्लेख असेल तर 'पाहून' तिथे चालणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती
आहे, शेवटच्या परिच्छेदात! मग 'पाहून' काढून 'वरून' घेते. पावलांच्या आवाजावरून माणूस ओळखतो, तसं. एका तंत्राला 'प्रतिमेवरून पेशीवेचणी', दुसऱ्याला 'प्रकाशसंकेतावरून पेशीवेचणी'. 'सक्रियित'ची गरजच उरली नाही.