नोव्हगोरोदची घंटा मंगोलांनी नव्हती उतरवली

माळरान (धागाकर्ता)
रशियाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, "मंगोलांनी अडीचशे वर्षं राबवलं, तिथूनच ती हुकूमशाही मुरली." मला हे पटत नाही. मंगोलांना खंडणी नोव्हगोरोद हे रशियन शहरही भरत होतं. तरी तिथे वेचे नावाची नगरसभा होती. घंटा वाजली की लोक जमत, राजपुत्र डोईजड झाला तर त्याला वेशीबाहेरचा रस्ता दाखवत. ती घंटा १४७८ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने उतरवून नेली आणि आपल्या इतर घंटांत टांगली. मंगोल खानाची फौज उग्रा नदीवरून मागे फिरली ती १४८० मध्ये. म्हणजे आधी भाऊबंदांचा आवाज बंद केला, खानाचं नंतर पाहिलं.

सांडणीस्वार
असहमत. घंटेचं काव्य ठीक आहे हो, पण फौज कशी पोसायची ते बोला. दक्षिणेला नुसतं उघडं गवताळ रान, आडवा यायला ना डोंगर ना समुद्र. क्रिमियाचे तातार येऊन माणसं धरून नेत आणि गुलाम म्हणून विकत. १५७१ मध्ये तर त्यांच्या खानाने, देवलेत गिरायने, मॉस्कोच जाळलं, तेही गादीवर चौथा इव्हान, म्हणजे 'भयंकर' इव्हान असताना! तिजोरीत पैसा नाही, म्हणून स्वाराला चाकरीपुरती जमीन तोडून द्यायची. आपल्या सरंजामासारखंच. पण जमीन अमाप आणि माणूस दुर्मीळ, कुळं रातोरात पळायची. शेवटी १६४९ च्या कायद्याने कूळ शोधून आणायची मुदतच काढून टाकली: पळालेलं कूळ कितीही वर्षांनी सापडो, मालकाकडे परत. हौस नव्हती, निकड होती.

माळरान
पोलंड त्याच मैदानात होता. तातारांच्या धाडी त्यालाही होत्याच. कुळंही बांधलेलीच. तरी तिथले उमराव राजा निवडत आणि त्याच्याकडून अटी कबूल करून घेत. मग निकडीने एकाला राजा निवडायला शिकवलं आणि दुसऱ्याला झारापुढे लोटांगण घालायला, हे कसं?

सांडणीस्वार
आणि त्या पोलंडचं पुढे काय झालं? एका सभासदाने 'नाही' म्हटलं की अख्खी संसद मोडायची. १७७२, १७९३, १७९५. तीन घासांत देश नकाशावरून गेला.

खाडीपलीकडची
गेला नाही, खाल्ला. खाणाऱ्यांत रशियाची सम्राज्ञी कॅथरीन होतीच की!
आणि संरक्षणाची गोष्ट तातारांचं कझान जिंकण्यापर्यंत (१५५२) ऐकून घेते. सायबेरियात कोण चाल करून येत होतं, मांजराएवढं सेबल नावाचं केसाळ जनावर? कोसॅक म्हणजे सरहद्दीवरच्या लढवय्या टोळ्या; त्यांचा सरदार येर्माक १५८० च्या दशकात उरल ओलांडून गेला आणि १६३९ मध्ये कोसॅक थेट ओखोत्स्कच्या समुद्रावर. हे सगळं फरच्या लोभापायी. तिथल्या लोकांवर फरचा कर बसवायचा, त्याला यासाक म्हणत, आणि तो चुकू नये म्हणून त्यांच्यातली माणसं ओलीस ठेवायची.
घंटेचीच गोष्ट हवी तर ही घ्या: १५९१ मध्ये उग्लिचला राजपुत्र द्मित्री मेला, घंटा बडवून लोक गोळा झाले, दंगल झाली. शिक्षा म्हणून त्या घंटेची जीभ काढली आणि तिला सायबेरियात तोबोल्स्कला हद्दपार केलं. १८९२ ला परत आली.

चौलकर
थोडं अवांतर. आमच्याकडे रेवदंड्याला अफानासी निकितीनचं स्मारक आहे. १४७० च्या आसपास चौलला उतरला, पावसाळा जुन्नरला काढला. सगळे त्याला रशियन प्रवासी म्हणतात, पण तो त्वेरचा, आणि तो निघाला तेव्हा त्वेर वेगळं राज्य होतं. ते १४८५ मध्ये मॉस्कोने गिळलं, पण तोवर हा परतीच्या वाटेवरच वारला होता. मायदेशाइतका देश जगात नाही, पण तिथले सरदार न्यायाने वागत नाहीत, असं त्याने लिहून ठेवलंय, आणि नेमकं तेवढं तुर्की मिसळीच्या भाषेत!

माळरान
वा, हे माहीत नव्हतं.
सांडणीस्वार, एकच विचारतो. १७३० मध्ये ॲनाला रशियाची गादी देताना उमरावांच्या वरिष्ठ मंडळाने अटी घातल्या होत्या: मंडळाच्या संमतीशिवाय युद्ध नाही, नवा कर नाही. तिने सही केली आणि मॉस्कोत पोचल्यावर थोड्याच दिवसांत कागद फाडला. तेव्हा कोणता खान दाराशी होता?

सांडणीस्वार
खान नव्हता, मान्य. पण फाडा म्हणून गळ घालणारे उमरावच होते. मंडळात दोल्गोरुकी आणि गोलित्सिन या दोन घराण्यांचाच भरणा. बाकीच्यांनी हिशेब केला, इतक्या मालकांपेक्षा एक मालक परवडला.