पाच वर्षांचं एकत्रित फायनान्स: वेळ वाचतो, हे कुठलं गणित?

हिशेबनीस:
परवा इथे एकाने लिहिलं की बारावी कॉमर्सनंतर साधं बी.कॉम. म्हणजे तीन वर्षं पाण्यात. पोरांनी पदवी आणि पदव्युत्तर एकत्र असलेला पाच वर्षांचा फायनान्सचा कोर्स घ्यावा, वेळ वाचतो. खाली 'अगदी बरोबर'ची रांग लागली. राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

कुठला वेळ? बी.कॉम. तीन, एम.कॉम. किंवा एमबीए दोन, झाली पाच. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी केली तर पुढे पदव्युत्तर एकच वर्ष, तरी पाच. एकत्रित कोर्सही पाचच. वाचते ती मधली प्रवेश परीक्षा, एवढंच. खरोखर लवकर सुटायचं तर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) वेगवर्धित पदवीची सोय काढली आहे: तीन वर्षांची पदवी सहाऐवजी पाच सत्रांत, चार वर्षांची आठऐवजी सहा किंवा सात सत्रांत. पण ती मंजूर जागांच्या १० टक्क्यांपर्यंतच, तीही पहिल्या-दुसऱ्या सत्रातली कामगिरी पाहून. त्या पोस्टमध्ये याचा उल्लेखही नाही.

आणि सतरा-अठराव्या वर्षी पाच वर्षांची फी अंगावर घ्यायची. ज्या घरात बाप मागावर आणि आई विड्या वळते, तिथे चार लाखांपर्यंत बँक तारण मागत नाही, त्यापुढे जामीनदार शोधायची वेळ येऊ शकते. अशा घरातल्या पोराला तीन वर्षांनी हातात पदवी घेऊन थांबता आलं पाहिजे. माझा आक्षेप एवढाच आहे.

जुळे सोलापूरकर:
ती पोस्ट माझीच. 'एवढंच' म्हणून जी परीक्षा तुम्ही बाजूला सारलीत, ती माझ्या भाचीने भोगली आहे. बी.कॉम. झालं, कॅटसाठी, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेसाठी, पुण्याला गेली, कॉट बेसिसवर राहिली, क्लासची फी वेगळी, आणि वर्ष गेलं. तीन अधिक एक अधिक दोन किती होतात ते तुम्हीच सांगा. आयआयएम इंदूरने २०११ मध्ये बारावीनंतरचा पाच वर्षांचा कोर्स सुरू केला, रोहतकनेही काढला. इंदूरला तर तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं. थांबता येत नाही हे तुम्ही न वाचताच ठोकून दिलंत.

पूर्वभागकर:
दोघांचंही चुकतंय. फायनान्स वर्गात येत नाही. सीए करा. नव्या योजनेत आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, तीनची दोन वर्षं झाली, स्टायपेंड मिळतो, आणि २०२१ पासून यूजीसी सीएला पदव्युत्तर पदवीच्या बरोबरीचं मानते. घर सोडायला नको.

आमचं टॉवेलचं युनिट आहे सोलापुरात अक्कलकोट रोडला. एमबीए फायनान्स झालेला एक मुलगा कामाला ठेवला होता. वर्किंग कॅपिटलची, म्हणजे खेळत्या भांडवलाची व्याख्या पाठ, पण सुताचे पैसे आठवड्यात जातात आणि टॉवेलचे चार महिन्यांनी येतात, मधले दिवस कोण भरतो, हे त्याला कळेना. उलट आमच्या सीएंकडची आर्टिकलची पोरगी फेब्रुवारीअखेर टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडून बसली. आम्ही ज्यांचे पैसे द्यायचे त्यांची यादी काढली, प्रत्येकाचं उद्यम प्रमाणपत्र (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) मागवलं, उत्पादक एकीकडे, व्यापारी दुसरीकडे, आणि माल स्वीकारल्याच्या तारखेपासून ४५ दिवस मोजून लाल खुणा केल्या. छोट्या कारखान्यांचे पैसे वेळेत द्यायला लावणारं आयकराचं ४३बी(एच) कलम तिला कुणी फळ्यावर शिकवलं नव्हतं.

पेठेतला व्यापारी:
त्या ४३बी(एच)चं कौतुक नका सांगू. मुदतीत, म्हणजे जास्तीत जास्त ४५ दिवसांत, छोट्या कारखान्याचे पैसे दिले नाहीत आणि वर्षअखेरीलाही बाकी राहिले, तर त्या वर्षी तो खर्च धरत नाहीत, त्यावर कर भरा. मार्च २०२४ ला बाहेरच्या पार्ट्यांनी मला माल परत पाठवला. म्हणाले, छोट्या कारखान्याचा माल नकोच. कायदा तुमच्या भल्यासाठी, आणि मेलो आम्ही.

पूर्वभागकर:
मेलात? वर्षानुवर्षं आमच्या पैशांवर तुम्ही धंदा केलात. दिवाळीचा माल उचलायचा, जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उलटली तरी चेक नाही. मी कामगाराला पगार शनिवारी देतो, त्याला सांगू का की पार्टीने पैसे दिले नाहीत?

पेठेतला व्यापारी:
आणि मला पुढचा गिऱ्हाईक उधारीवरच घेतो, ते? व्यापाऱ्याचं येणं राहिलं तर त्याला हे कलम लागूच नाही. मी उद्यममध्ये नोंदणी केली तरी मला संरक्षण नाही. एकाच साखळीत एकाला ४५ दिवस आणि दुसऱ्याला रामभरोसे, हा न्याय?

पूर्वभागकर:
ही मात्र खरी अडचण आहे. तेवढं मान्य. बाकी तुमच्याकडची माझी बाकी सांगू का इथे?

जुळे सोलापूरकर:
अहो, कशाला भांडलालाव? पोरांच्या शिक्षणाचा विषय आहे. तरी बघा, तुम्ही जे भांडताय तेच फायनान्स आहे, आणि ते समजायला पाया लागतो. आर्टिकलशिप मिळाली तरी कित्येक पोरं सीए फायनलला अडकतात आणि हातात नुसतं बी.कॉम. राहतं. त्यांचं काय?

एक आई:
कोणी फीबद्दल नीट बोलेल का? माझी मुलगी बारावीला आहे. २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. पण प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून (कॅप) हवा, आणि खासगी व अभिमत विद्यापीठं यातून वगळली आहेत. आणि एकत्रित कोर्सच्या जाहिराती जास्त येतात त्या त्याच खासगी विद्यापीठांच्या. एका ठिकाणी समुपदेशकाने 'सवलत आहे, नंतर बघू' म्हणत बुकिंगचे पैसे भरायला लावले. लेखी मागितलं तर फोन उचलेना. ते पैसे अजून आलेले नाहीत.

हिशेबनीस:
ताई, हे सगळ्यांनी वाचायला हवं. कोर्स व्यावसायिक आहे का, केंद्रीय फेरीत आहे का, तिसऱ्या वर्षी बाहेर पडल्यावर कोणती पदवी मिळते आणि उरलेली फी परत मिळते का, या चार गोष्टी लेखी घ्या. बीबीएसाठी आता सीईटी आहे. ती चुकवायला कित्येक कॉलेजांनी तोच अभ्यास बी.कॉम.च्या नावाखाली चालवला, त्यामुळे कोर्सचं नाव बघून काही ठरवू नका.

जुळे सोलापूरकर, कॅटचं वर्ष जातं, हे मान्य. पण तुमचं उदाहरण आयआयएमचं, आणि इथल्या पोरांना फोन येतात ते भलत्याच कॉलेजांतून. आयआयएमला जागा मिळणाऱ्याला माझा सल्ला नकोच.

जुळे सोलापूरकर:
मग पोस्टच्या सुरुवातीला 'आयआयएम सोडून' असं लिहिलं असतंत तर एवढा वाद झाला नसता. तिसऱ्या वर्षी थांबता येईल असाच कोर्स घ्यावा, हे मी माझ्या पोस्टमध्ये घालतो. 'वेळ वाचतो' मात्र काढणार नाही.

एक आई:
घाला. आणि बुकिंगचे पैसे परत कसे मिळवायचे, हे कोणाला माहीत असेल तर आधी ते सांगा.