नाटक-नृत्याचं शिक्षण : तुमचे अनुभव लिहा

काल लेकीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, मेकअपवाल्या काकांनी पॅनकेकचा डबा उघडला आणि त्या वासाने मी थेट जुहूला, आमच्या नालंदा नृत्य महाविद्यालयात. डोंबिवलीहून भरलेली लोकल, दादरला गाडी बदलायची, पार्ल्याला उतरून बस. मग अरमंडीत, म्हणजे गुडघे बाहेर वाकवून अर्धं बसून, तट्टू अडवू (भरतनाट्यमची पाय आपटायची पहिली पावलं) तिन्ही काळांत, म्हणजे तिन्ही गतींत, मांड्या पेटायच्या. नंतर थिअरी, नाट्यशास्त्रातली 108 करणं (हातापायांच्या एकत्र हालचाली), अभिनयदर्पणातले 28 असंयुत हस्त, म्हणजे एका हाताच्या मुद्रा. डिग्री मुंबई विद्यापीठाची, तरी आत्या दर दिवाळीला विचारायची, 'कॉलेज कधी सुरू करणारेस?'

सगळ्यात लक्षात राहिलेली परीक्षा सांगते. मी यशोदा बसवून गेले होते. परीक्षक बाई म्हणाल्या, यशोदा राहू दे, तुझ्या ओळखीची एक आई दाखव. मला काही सुचेना, मग पदर खोचून, पर्स पोटाशी धरून गर्दीत शिरणारी माझी आई दाखवली, आणि करताकरताच रडू फुटलं. सात्त्विक अभिनय, म्हणजे मनातला भाव आपोआप अंगावर, डोळ्यांत उमटणं, पुस्तकात दहादा वाचला होता, कळला तेव्हा. तुम्हीही लिहा ना.

विंगेतला
ताई, पर्स पोटाशी... आमची आई अगदी अशीच चढायची.
मी कलिन्याचा, मुंबई विद्यापीठाचा थिएटर आर्ट्स विभाग. विभाग 2003 चा, मी नंतरच्या बॅचचा. अभिनय शिकायला गेलो आणि लेव्हल (लाकडी चौथरे) उचल, फ्लॅट (नेपथ्याच्या भिंती) रंगव, लाईटचे जिलेटिन (रंगीत कागद) काप हेच जास्त केलं, आणि त्यातच जीव रमला. एकदा प्रयोगात डिमर (लाईट कमीजास्त करायचं यंत्र) उडाला, अख्खा दुसरा अंक दोन स्पॉटलाईटवर काढला, नट बिचारे उजेड शोधत आपापल्या ठरलेल्या जागा बदलत होते आणि कोणी एक वाक्य चुकलं नाही. सर विंगेत आले, पाठीवर हात ठेवला आणि गेले. अजून कुठल्याही नाट्यगृहात गेलो की आधी मान वर जाते, वरच्या लोखंडी बारवर किती लाईट टांगलेत बघायला.

सायलीची_आई
डिमर वाचूनच पोटात गोळा आला. दादा तुम्ही अजून लाईट करता का? आमच्या सोसायटीच्या गणपतीत मुलांचं नाटुकलं आहे

विंगेतला
करतो की. मेसेज करा.

ढोलकी
मी पण कलिना, पण लोककला अकादमी. तमाशाचे भाग, गण, गवळण, बतावणी, वग, वर्षभर हेच. आजीला सांगितलं तमाशा शिकतेय तर दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. मग एकदा घरी गवळण म्हणत होते, कृष्ण-पेंद्याने वाट अडवली तिथे मी अडखळले तर स्वयंपाकघरातून आजीच गवळणीतल्या मावशीचं (गौळणींसोबतचं विनोदी पात्र) बोलायला लागली, ठसक्यात, हातवाऱ्यांसकट! लहानपणी जत्रेत बैलगाडीखाली लपून बघितलं होतं म्हणाली. साठ वर्षं कोणाला बोलली नव्हती.

माहीमकर
वा वा आजी!! आम्ही डिग्री वगैरे नाही, फक्त कॉलेजच्या एकांकिका. तालमीला खोली मिळायची नाही, जिन्यात करायचो, रात्री वॉचमन हाकलायचा मग स्टेशनच्या पुलावर. आवाज टाकायला मी तिथेच शिकलो, खालून फास्ट लोकल जाताना वाक्य पोचलं पाहिजे.

रेवा
भाचीला बारावीनंतर भरतनाट्यमच घ्यायचंय, घरात रोज भांडणं. काय सांगू?

धागाकर्ती
रेवा, आईबाबांना घेऊन एकदा वर्ग बघून या. दारातून नाही, दोन तास बसून. सात वाजता सुरू केलेला एकच अडवू आठलाही चालू असतो, ते बघितलं की हा नाद नाही, अभ्यास आहे हे कळतं. आणि भाचीला सांग गुडघे आत्तापासून सांभाळ, फरशीवर नाचू नकोस. माझा डावा गेलाय.

सायलीची_आई
माझा पण डावाच, पण जिन्यांमुळे. तिळाचं तेल लावते रोज

माहीमकर
ढोलकी, आजीचा आवाज रेकॉर्ड केलास का गं?

ढोलकी
नाही ना, राहून गेलं. आजी गेली गेल्या वर्षी. पण ती म्हणायची तशी गवळणीची चाल वहीत लिहून ठेवलीय, सरांनी शिकवलेल्यापेक्षा वेगळी आहे, दुसऱ्या ओळीला खाली येते. रात्री टाकते फोटो, आत्ता कुकर झालाय.