शहर नदी वापरते, भरपाई गावाने का द्यावी?

कुहीकर:
नागपूरला प्यायला पेंच आणि कन्हानचं पाणी लागते. वापरून झालं की त्यातलं बरंचसं नाग नदीतून आमच्या कुही तालुक्याकडे येते, कन्हानला मिळते, आंभोऱ्याला वैनगंगेत जाते आणि गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात साचते. शहर वाढलं की नदीचा फायदा घटतो म्हणतात. मला तर दिसते, फायदा शहराने घेतला आणि घट आमच्या नावावर टाकली. मागच्या उन्हाळ्यात काकांच्या अस्थी घेऊन आंभोऱ्याला गेलो. आंघोळीसाठी पोरांनी बोअरचं पाणी ड्रमात भरून आणलं होतं. नदी दहा पावलांवर होती.

नागपूरवाला:
भाऊ, दुःख समजते, पण गोष्ट एवढी एकतर्फी नाही. भांडेवाडीला शुद्ध झालेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, तेवढं पेंचचं पाणी वाचते. अन् शहर तरी कुठे सुटलं? २३ सप्टेंबर २०२३ ला चार तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. आमचा फ्रिज पाण्यावर तरंगत होता. पुराला पसरायला जिथे काठ होता, तिथे आम्ही भिंती बांधल्या.

डोंगेवाला:
तुम्ही दोघंही धरण विसरले. नदीच्या वाळूतली आमची डांगरवाडी, म्हणजे टरबूज-खरबुजाची वाडी, गोसीच्या पाण्यात गेली, नागपूरच्या नाही. वाहतं पाणी थांबलं म्हणून जलपर्णी माजली. आता जाळं ओढलं की आधी तेच सोडवत बसा.

कुहीकर:
दादा, पाणी धरणानं थांबवलं हे खरं. पण जलपर्णीला खत शहराच्या घाणीतूनच मिळते ना जी?

नागकाठचा शेतकरी:
मी याच नाग नदीवर मोटर टाकून पालक आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतो. मे महिन्यात विहीर आटते, नाग आटत नाही. सगळं पाणी वीज केंद्राला दिलं तर माझ्या वाफ्यात काय येणार? हाताला खाज सुटते, रात्री झोप लागत नाही, तेही सांगतो. आणि हीच भाजी परत नागपूरच्या बाजारात जाते.

कुहीकर:
पाणी बंद करा असं मी म्हणतच नाही. येऊ द्या, पण शुद्ध करून. खर्च पाणीपट्टीतून काढा.

नागपूरवाला:
पाणीपट्टी वाढवा म्हटलं तर माझी वस्तीच अंगावर येईल. तरी मी वाढवाच म्हणेन. पण शेतीला किती सोडायचं आणि कोराडीला किती, हे ठरवताना कुहीचा माणूस बैठकीत पाहिजे.

डोंगेवाला:
आणि आम्हा मासेमार ढिवरांचाही. मरळ मासोळी किती मिळायची, ते आम्हालेच ठाऊक आहे.