गोफण झिजते, काचते की विरते?

ज्वारीची_भाकर:
मंडळी एक शंका. रब्बी ज्वारी आहे, कणसं चिकात आलीयत, पाखरांनी उच्छाद मांडलाय, फटाके वाजवायचे नाहीयेत म्हणून यंदा घरीच गोफण करायचं ठरवलंय. आता घरातली मोठी माणसं जुन्या गोफणीबद्दल बोलताना कधी म्हणतात काचली, कधी झिजली, कधी विरली, आणि कोशात बघावं तर सगळं फिरून "खराब होणे" वरच येतं. यात खरंच फरक आहे का सगळं एकच? आणि टिकाऊ पाहिजे तर कशाची करायची? बाजारात नायलॉन मिळतं, सुतळी मिळते, आणि आमचे आजोबा म्हणतात अंबाडीशिवाय गोफण नाही.

बार्शीवाला:
फरक आहे ताई, चांगला मोठा आहे. झिजणं म्हणजे घासून घासून माल कमी होणं, ते मधल्या झोळीचं होतं कारण तिथं दगड बसतो. काचणं म्हणजे एकाच जागी आवळून दोर आतल्या आत कापला जाणं, तो प्रकार होतो बोटातल्या फासाला आणि झोळीला दोरी बांधलीय त्या गाठीशी (बोटाला वळ उठतो त्यालाही आपण बोट काचलं म्हणतोच की). विरणं हा कापडाचा शब्द, म्हणजे झोळी जुन्या धोतराच्या घडीची केली असेल तर ती विरते, दोरी काय विरत नाही. ओल लागून जाते ती कुजते. आणि पीळ सैल होऊन पेड सुटे पडले तर दोरी उकलली म्हणायचं. आजोबांना विचारा नेमकं कुठं काय झालं होतं, ते जे क्रियापद वापरतील त्यावरून तुम्हाला दुरुस्ती कळंल.

चिकित्सक:
सहमत, आणि जरा आकडेमोड करून बघा म्हणजे पटेल. शंभर ग्रॅमचा गोटा, हातासकट फिरणारी लांबी साधारण 90 सेंटिमीटर, सुटताना वेग सेकंदाला 25 मीटर धरला तर ओढ येते जेमतेम 7 किलो वजनाएवढी, ती दोन दोऱ्यांत वाटली की एकीवर साडेतीन. घट्ट वळलेली बारीक दोरीसुद्धा एवढं पेलते. म्हणजे गोफण ताणानं तुटत नाहीच, ती घासून आणि काचून तुटते. त्यामुळे दुकानदार "मजबूत आहे, म्हैस बांधा" म्हणाला तरी त्याचा इथं फार उपयोग नाही, आपल्याला मजबूत नको, चिवट पाहिजे.

बार्शीवाला:
बरोबर, चिवट हाच शब्द. दणकट म्हणजे जाड नि भक्कम, चिवट म्हणजे वाकवा, पिळा, घासा तरी तुटायचं नाव नाही. आता मालाचं सांगतो, जरा लांबेल. अंबाडी: खोडं आठ-पंधरा दिवस पाण्यात कुजवायची, साल सोलून धुवायची, जो निघतो तो वाख. वाख मऊ असतो, गाठ घट्ट बसते, निसटत नाही, हाताला टोचत नाही, म्हणून आजोबा म्हणतात ते उगीच नाही. आमच्या भागात बांधाला केकताड असायचं (तुमच्याकडं घायपात म्हणत असतील), त्याचा वाख अंबाडीपेक्षा राठ आणि ताठ, बैलाच्या दाव्याला चांगला, पण गोफणीला घेतला तर फासात बोट सोलतं. काथ्या तर नकोच, भरड असतो आणि घासला की तुसं निघत बसतात. नायलॉन चिवट आहे यात वाद नाही, पण ते ताणतं त्यामुळं नेम धरताना दगड जरा उशिरा सुटल्यासारखा वाटतो, आणि गुळगुळीत असल्यानं साधी गाठ सरकते, टोकं जाळून घ्यावी लागतात. ती रंगीत प्लास्टिकची सुतळी मात्र उन्हात काही महिन्यांत पांढुरकी पडून हातात भुगा होते, शेतातल्या माळ्यावर (मचाणावर) दिवसभर उन्हात राहणाऱ्या वस्तूला ती घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. सुती दोरी झकास, भिजली तर उलट जास्त ताण घेते, फक्त ओली तशीच गुंडाळून ठेवली की बुरशी धरून कुजलीच म्हणून समजा.

शब्दवेडी:
आजोबांनी "तागाची" म्हटलं तर जरा थांबून विचारा. शेतकरी ज्याला ताग म्हणतो ते हिरवळीच्या खताचं पिवळ्या फुलांचं पीक, काही जण बोरू म्हणतात, त्याच्या सालीचाही उत्तम चिवट दोर होतो. पण "तागाची गोणी" म्हणतो तो ताग बंगालकडचा, वेगळीच वनस्पती, दुकानातली सुतळी बहुतेक त्याची. ती ओलीला लवकर हार खाते. एकच नाव दोन झाडांना, त्यामुळे लोक भलतीच दोरी आणतात आणि मग तागालाच नावं ठेवतात.
आणि गोफ विणतात म्हणून गोफण, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय ते कृपया इथं आणू नका. संस्कृतात गोफणा हा शब्द आहेच, सुश्रुतसंहितेत पट्टीबंधनाच्या 14 प्रकारांत गोफणा आहे, हनुवटी, नाक, ओठ अशा ठिकाणी बांधायचा, गोफणीच्या झोळीत दगड बसतो तशी त्यात हनुवटी बसते. शेजारी कानडीत मात्र वेगळाच शब्द, कवणे.

ज्वारीची_भाकर:
भारी माहिती. मग दोरी वळायची का वेणी घालायची? आणि सोडायच्या टोकाचं (चिमटीत धरून दगड फेकताना सोडतो ते) काय, जुन्या गोफणीचं तेच आधी गेलं होतं.

बार्शीवाला:
वेणी. वळलेल्या दोरीचा पीळ फिरवता फिरवता उकलायला बघतो, तिपेडी वेणी उकलत नाही आणि एक पेड काचला तरी बाकीचे दोन धरून ठेवतात. झोळीपाशी गाठ मारण्यापेक्षा वेणीचे पेडच झोळीत विणून न्या, गाठच नाही तर काचणार काय? फास निरगाठीचा करा, सरगाठीचा केला तर प्रत्येक फेरीला बोट आवळतं. सोडायचं टोक फटकारा देतं, आवाज तिथनंच निघतो, म्हणून ते सगळ्यात आधी पिंजारणारच, त्याला इलाज नाही. तिथं वाखाचा वेगळा शेंडा बांधायचा, गेला की बदलायचा, आसुडाची वादी बदलतो तसं.

चिकित्सक:
टोकाला गाठ असू द्या, चिमटीत नीट धरता येते. बाय द वे, स्पेनजवळच्या बॅलिएरिक बेटांवरचे गोफणवाले रोमन काळात प्रसिद्ध होते, ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो लिहितो की ते डोक्याला तीन गोफणी गुंडाळायचे, लांब, मध्यम आणि आखूड पल्ल्याच्या, आणि त्या लव्हाळ्यासारख्या गवताच्या, केसांच्या नाहीतर स्नायूतंतूंच्या असायच्या. म्हणजे मालाचा हा वाद तेव्हाही असणार.

शब्दवेडी:
झोळीला चामडं लावलं तर चालेल ना?

बार्शीवाला:
चालेल की, सगळ्यात कमी झिजतं तेच. फक्त भिजून वाळलं की कडक होऊन तडकतं, अधूनमधून एरंडेलाचं बोट फिरवायचं. दगड मात्र निवडून घ्या, खडी-कपच्यांच्या धारेनं चामडंसुद्धा लवकर जातं. ओढ्यातले गुळगुळीत गोटे घ्या नाहीतर मातीचे गुंडे करून वाळवा, गोफणगुंडा तो हाच. आणि फिरवताना मागं-पुढं कुणी उभं नाही ना तेवढं बघा.

ज्वारीची_भाकर:
धाकटा म्हणतोय तंगूस (गळाची बारीक नायलॉन दोरी) घे, मासे धरायला चालतो तर गोफणीला का नाही.

बार्शीवाला:
अजिबात नको. तंगूसानं बोट काचत नाही ताई, कापतं.