डबा आणि पथ्य एकाच भाजीत कसं बसवायचं? आठवड्याचं नियोजन हवं आहे

नमस्कार मंडळी,
घरात आम्ही चौघं. सासूबाईंना मधुमेह, लेक सातवीत, आम्ही दोघं नोकरीला. सकाळी साडेसातच्या आत तीन डबे भरायचे असतात. पोळ्यांना मावशी येतात, भाजी-आमटी माझ्याकडे.

रविवारी मंडईतून भाजी आणते, आठवड्याचा बेत लिहून फ्रीजला लावते. पण गुरुवार उजाडला की पालेभाजी सडलेली, कडधान्य भिजवलेलं नाही, मग बटाट्याच्या काचऱ्या. सासूबाई काही बोलत नाहीत, लोणच्याशी भाकरी खाऊन उठतात. मला ते फार लागतं. त्यात कांदेनवमी झाली, आता चातुर्मासभर कांदा, लसूण, वांगं बंद.

डब्यात रस सुटणार नाही आणि सासूबाईंनाही चालेल, अशा भाज्या सुचवा. आणि बेत शनिवारपर्यंत टिकवायचा कसा?

प्रतिसाद १
ताई, आधी वार ठरवू नका, भाजी किती टिकते ते बघा. पावसात पालेभाजी ओली, चिखलाची येते, ती सोमवार-मंगळवारीच संपवा. निवडून ठेवा, पण धुऊ नका. कोरड्या फडक्यात गुंडाळा. मग भेंडी, गवार. कोबी, दुधी, लाल भोपळा शेवटाला.

डब्यासाठी तोंडली परतून, पडवळ चणाडाळ घालून, ढोबळी मिरची पीठ पेरून. डाळीचं पीठ सुटलेलं पाणी शोषून घेतं. हिंग-जिरं आणि ओलं खोबरं असलं की कांद्याची आठवण येत नाही. दोडका मात्र डब्याला नको, पाणी फार सुटतं.

प्रतिसाद २
फ्रीजवरच्या कागदावर भाजीशेजारी आदल्या रात्रीचं कामही लिहा. गुरुवारी मटकीची उसळ हवी तर मंगळवारी रात्री भिजत घालायची, बुधवारी सकाळी उपसून फडक्यात बांधायची. हे लिहिलेलं नसतं म्हणून गुरुवारी अडतं. भिजत घालायचं काम लेकाला द्या, सातवीतलं मूल सहज करतं.

धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! पीठ पेरून ढोबळी सासूबाईंना आवडतेच. मोड आलेली मटकी जास्त करून ठेवली तर चालेल का?

प्रतिसाद २
हो, पण पाणी पूर्ण निथळू द्या. घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस छान राहते. चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर टाकून द्या.